नाक सुवेझचे, श्वास पीण्याचा

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतून समुद्र दिसत नाही. चेन्नईचे बंदर गाठायचे तर सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास. तरीही इथल्या लेथवर कातलेला एखादा सुटा भाग युरोपला निघाला, की त्याचे वेळापत्रक ठरते ते दूरच्या इजिप्तमधील सुवेझ कालव्यावर!

हा कालवा नव्हता तेव्हा मुंबईहून लंडनला जाणाऱ्या जहाजांना सगळ्या आफ्रिकेला वळसा घालावा लागे. फर्दिनांद द लेसेप्स या फ्रेंच मुत्सद्द्याच्या पुढाकाराने १८५९ मध्ये खोदकाम सुरू झाले. आरंभी हजारो इजिप्शियन शेतकऱ्यांना या कामावर वेठीला धरले गेले. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी कालवा खुला झाला आणि मुंबई-लंडन सागरी अंतर सुमारे ४० टक्क्यांनी घटले. मुंबईचा व्यापार फुलला. १८७५ मध्ये ससून डॉक, तर १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाला.

इजिप्तच्या पदरी मात्र कर्जच आले. १८७५ मध्ये तिथल्या राज्यकर्त्याने, खेदीव इस्माईलने, आपले भाग ४० लाख पौंडांना ब्रिटनला विकले. १९५६ मध्ये नासर यांनी कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. १९६७ च्या युद्धात तो बंद पडला, तो थेट जून १९७५ मध्ये उघडला. पीण्याची वसाहत आकाराला आली ती याच दशकात.

नाक दाबले की तोंड उघडते, ही म्हण या कालव्याला चपखल बसते. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे ४०० मीटर लांबीचे जहाज त्यात आडवे रुतले आणि सहा दिवस वाहतूक ठप्प झाली. पुढे नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले. बड्या जहाज कंपन्यांनी पुन्हा आफ्रिकेचा जुना वळसा धरला. प्रवास साधारण दहा ते चौदा दिवसांनी लांबला आणि भाडेही कडाडले.

लहान कारखानदाराला याची झळ कशी लागते? समजा, दहा लाखांचा माल पाठवला आणि तो पोहोचल्यावरच पैसे मिळायचे आहेत. चौदा दिवस उशीर झाला, तर बारा टक्के दराने सुमारे साडेचार हजार रुपये व्याज वाढते. किमतीत जहाजाचे भाडे धरले असेल, तर वाढीव भाडेही त्याच्याच माथी. त्याहून मोठी अडचण म्हणजे खेळते भांडवल अडकते. कच्च्या मालाचे बिल, विजेचे बिल आणि कामगारांचा पगार काही जहाजाची वाट पाहत थांबत नाहीत.

म्हणूनच परदेशी मागणी स्वीकारताना वाढीव भाडे कोणी भरायचे आणि उशीर झाला तर पैसे केव्हा मिळणार, ही दोन कलमे आधी नीट वाचावीत. दूरचा कालवा कोणाच्या हातात नसतो. करारावरची सही मात्र आपल्याच हातात असते.