पट काही सेकंदांचा, पाहुणे दोन दिवसांचे

मोठी मॅच असली की ऑफिसात एक तरी शहाणा म्हणतोच, “अकरा जण खेळतात, देश कशाला थांबतो? जाहिरातवाल्यांनी फुगवलंय सगळं.” त्यानं एकदा आमच्याकडं यावं.

मी ताडोबाच्या गेटवरच्या मोहर्लीचा. जंगलापलीकडं, नागभीड-ब्रह्मपुरीपासून वडसा-गडचिरोलीपर्यंत, दिवाळीनंतर गावोगावी मंडई आणि शंकरपट भरतात. बैलजोडी काही सेकंदांत पट पार करते. पण तेवढ्या निमित्तानं लेकी माहेरी येतात, घरोघरी पाहुण्यांच्या पंगती उठतात, रात्रभर झाडीपट्टीचं नाटक रंगतं. ही रीत टीव्हीच्याही आधीची. खेळ तारीख देतो आणि पांगलेली माणसं त्या तारखेला जमतात. मोठ्या स्पर्धेचं मोठेपण एवढंच, आणि ते कमी नाही.

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यती थांबवल्या. २०२३ मध्ये घटनापीठानं महाराष्ट्राचा सुधारित कायदा वैध ठरवला. बैलाला टोचणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण “शर्यतच तर बंद झाली” म्हणणाऱ्यांना गावाचं कॅलेंडर कधी कळलंच नाही.

२ एप्रिल २०११ चा धोनीचा षटकार आठवा. शेजारी कोण बसलं होतं, तेही आठवेल. म्हणून मला भीती जाहिरातींची नाही, आपल्या हातातल्या फोनची आहे. चार खोल्यांत चार फोनवर एकच फायनल चालली, तर स्कोअर सगळ्यांना कळतो, सण मात्र कुणाचाच होत नाही. पुढच्या फायनलला कुणाच्या तरी घरी जा. नाहीतर कुणाला तरी जेवायला बोलवा.