मापातील न्याय

राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे उद्घाटन दिल्लीस २१ जानेवारी १९५० रोजी सरदार पटेलांच्या हस्ते झाले. देशाचा प्रमाण किलोग्रॅम तेथेच जतन केला आहे. २० मे २०१९ पासून तर किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावर नव्हे, प्लांकच्या स्थिरांकावर आधारलेली आहे.

परंतु वाशीमच्या बाजारात सोयाबीन आणणाऱ्या शेतकऱ्यास या सूक्ष्मतेचा लाभ काय? त्याचे वजन काट्यावर ठरते, तर भाव ओलावामापकाच्या आकड्यावर. प्रमाणाची साखळी या दोहोंपर्यंत अखंड पोचली नाही, तर दिल्लीतील अचूकता त्याच्या दृष्टीने व्यर्थच होय. दोन्ही साधनांची तपासणी नियमितपणे व शेतकऱ्यांसमक्ष व्हावी, एवढीच आमची मागणी आहे. शास्त्राची खरी कसोटी बाजारातच लागते.