दुसरी आशा

ईदला बहिणीकडे गेलो होतो. संध्याकाळी भाच्याबरोबर वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर बसलो होतो. तो फोनवर नोटोरियस बी.आय.जी.चं १९९७ सालचं एक रॅप ऐकत होता. "मामू, खालचं म्युझिक ऐका, काय मस्त आहे!" मी ते लगेच ओळखलं. 'स्पेस टॉक' या गाण्यातून उचललेलं आहे ते. १९७६ च्या 'द डेव्हिल इज लूज' या अल्बममधलं. गायिका आशा पुथली, मुंबईची. पोराला वाटलं, मामू थापा मारतोय.

त्याचा काय दोष? आपल्याकडे आशा म्हटलं की भोसले. ही दुसरी आशा मुंबईत वाढली, हिंदुस्थानी गाणं शिकली, पाश्चात्त्य गायकीही शिकली, मग अमेरिकेला गेली. ऑर्नेट कोलमनसारख्या जॅझमधल्या बड्या असामीच्या 'सायन्स फिक्शन' या अल्बमवर ती गायली. १९७३ मध्ये सीबीएसनं तिचा पहिला स्वतंत्र अल्बम काढला. 'द डेव्हिल इज लूज' त्यानंतरचा, जर्मनीत झालेला.

तो सगळाच उत्तम आहे असं मी म्हणणार नाही, काही गाणी नुसती गोड आहेत. पण 'स्पेस टॉक' ऐकाच. अमेरिकेतल्या सोल गायिका बहुतेक चर्चमध्ये तयार झालेल्या, छाती भरून गाणाऱ्या. ही उलट आवाज इतका खाली आणते की निम्मा श्वासच ऐकू येतो, आणि तिथून अलगद वर सरकते. त्या सरकण्यात मला मींड ऐकू येते. जाणकार हसतील, हसू देत. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅन्कुसोच्या 'लॉफ्ट'मध्ये या गाण्यावर लोक नाचले. इथे मात्र कुणाला पत्ता नाही.

त्याच १९७६ मध्ये 'शक्ती'चा पहिला अल्बम आला, जॉन मॅकलॉफ्लिन आणि आपले झाकीर हुसेन. तो आपण अभिमानानं सांगतो, आणि सांगायलाच हवा. पण तिथे तबला आहे, तो कानाला लगेच कळतो. आशाबाईंच्या गाण्यात ना तबला ना सतार. शास्त्रीय, नाट्यगीत, भावगीत, सिनेमा यांतल्या कुठल्याच खणात त्या मावत नाहीत, म्हणून आपल्या नाहीत!

कुणी म्हणेल, त्या मराठी कुठे होत्या? घराणं दक्षिण कानडाकडचं, गाणी इंग्रजी. हा हिशेब माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. व्याख्यान संपल्यावर कुणीतरी हमखास जवळ येऊन म्हणतं, "तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता!" बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून मी हसतो. पण माझ्या आजोबांच्या आजोबांनाही दुसरी भाषा येत नव्हती. आपलं कोण, हे ठरवायच्या फूटपट्ट्या आपल्याकडे फार आखूड आहेत. त्या फूटपट्टीनं मुंबईचं निम्मं संगीत बाहेर जातं, मग ते परक्याच्या रॅपमधून ऐकून आपली पोरं चकित होतात.

भाच्यानं 'स्पेस टॉक' शोधलं, तेवढ्यात रेंज गेली. घरी आल्यावर त्यानं ते लावलं. आपा स्वयंपाकघरातून बाहेर आली, पदराला हात पुसत. "ही कोण रे कुजबुजतेय? परत लाव जरा."