वाढीची रेघ

"डॉक्टरसाहेब, शेजारणीचं पोरगं याच्याच वयाचं हाय. मंग माह्या लेकराचं वजन कमी काऊन?" सौंसरच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न मी गेली पंचवीस वर्षे ऐकत आलो आहे. माझे उत्तरही ठरलेले आहे. मी वाढीचा तक्ता काढतो, मागील भेटींच्या वजनांचे ठिपके जोडतो आणि म्हणतो, "शेजारचे मूल पाहू नका, याची स्वतःची रेघ पाहा." एका दिवसाचे वजन फार थोडे सांगते; खरे सांगते ती ठिपक्यांची दिशा. खालच्या रेषेवरून सातत्याने वर जाणारे मूल बहुधा निरोगी असते. वरच्या रेषेवरून घसरू लागलेल्या मुलाची मात्र आपण काळजी करतो.

हे शहाणपण दुसऱ्यास सांगणे सोपे. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला, त्याच सुमारास पन्नाशी ओलांडल्यावर मी पहिला कॅमेरा घेतला आणि स्वतःच त्या आईच्या जागी जाऊन बसलो. नामवंतांची छायाचित्रे पाहावीत, आपली त्यांच्याशी ताडून पाहावीत आणि खिन्न व्हावे, असा क्रम सुरू झाला. फसलेली छायाचित्रे मी रोज रात्री पुसून टाकीत असे. म्हणजे रुग्णाचे जुने केसपेपर फाडून टाकायचे आणि सुधारणा दिसत नाही म्हणून तक्रार करायची! सहा महिन्यांत कॅमेरा कपाटात गेला.

एका सायंकाळी तक्ता भरताना माझी मलाच लाज वाटली. मी कॅमेरा पुन्हा बाहेर काढला. काहीही पुसायचे नाही, असा नियम केला. वजन एकाच काट्यावर घ्यावे, तसा एक विषयही ठरवून घेतला: नात्यातील एका बागेतील संत्र्याचे एक झाड, दरमहा एकदा, त्याच जागेवरून. छिद्र, शटरचा वेग, आयएसओ आणि वेळ यांची नोंद डिजिटल कॅमेरा फाईलमध्ये स्वतःच ठेवतो. मी वहीत फक्त एक ओळ लिहायचो: काय हवे होते आणि काय मिळाले. वर्षाअखेर दिसले की आंबिया बहाराची पांढरी फुले केवळ एकाच महिन्यात फुलांसारखी दिसत होती. त्या दिवशी मी सकाळी आठ वाजता गेलो होतो. एरवी दवाखाना आटोपून भर दुपारी जात असे. दोष हाताचा नव्हता, घड्याळाचा होता.

मुलांची छायाचित्रे अस्पष्ट येत. त्यासाठी महागडी लेन्स घ्यावी, असे मनात घोळत होते. आधी हिस्टरी पाहावी म्हणून चाळीस फसलेली छायाचित्रे तपासली. बहुतेकांत शटरचा वेग एक तीसांश किंवा एक साठांश सेकंद होता. खेळते मूल तेवढा वेळही स्थिर राहत नाही. आयएसओ वाढवून वेग एक अडीचशांश सेकंदावर नेला. चित्रात थोडे कण दिसू लागले, पण चेहरे स्वच्छ आले. औषध घरातच होते.

तिसरी गोष्ट मात्र कोणत्याही फाईलमध्ये नोंदलेली नव्हती. २०२४ आणि २०२५ च्या तान्ह्या पोळ्याची छायाचित्रे मी शेजारी ठेवून पाहिली. पहिल्या वर्षीच्या चित्रांत लाकडी नंदी ओढणाऱ्या मुलांचे भांग दिसत होते आणि वर वळलेले, किंचित बावरलेले डोळे. दुसऱ्या वर्षी गुडघे दुखू लागले म्हणून मी ओट्याच्या पायरीवर बसलो होतो. त्या चित्रांत नंदी, मूल आणि मी एकाच पातळीवर होतो. पाहता पाहता लक्षात आले की पंचवीस वर्षे मी मुलांना त्या पहिल्याच उंचीवरून तपासत आलो. दुसऱ्याच आठवड्यात तपासणीच्या खोलीतील माझे स्टूल बदलले. मुलांचे रडणे थांबले असे म्हणणार नाही. पण काही मुले आता स्टेथोस्कोपच्या आधी माझ्या तोंडाकडे पाहतात.

एक व्यवसायबंधू म्हणाले, "छंद आनंदासाठी असतो, त्यातही मोजमाप कशाला?" शंका रास्त आहे. परंतु वाढीचा तक्ता ही परीक्षा नव्हे, त्यात कोणी नापास होत नाही. आणि आदर्श नकोतच, असेही माझे म्हणणे नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची वाढीची मानके भारतासह सहा देशांतील मुलांच्या मोजमापांवर उभी आहेत आणि त्यांच्याविना आपले चालत नाही. थोरांची छायाचित्रेही तशीच, दिशा कळावी म्हणून पाहावीत. समाजमाध्यमांवर मिळणारे पसंतीचे अंगठे मात्र शेजारणीचे पोरगे होय.

उतारवयात काही नवे शिकू पाहणाऱ्या बंधुभगिनींना माझे एवढेच सांगणे आहे. एक वर्ष काही पुसू नका. एक विषय धरून ठेवा. दर महिन्याला एक प्रामाणिक ओळ लिहा. वर्षातून एकदा स्पष्ट बोलणाऱ्या माणसापुढे सारे मांडा. रुग्णांचे छायाचित्र त्यांच्या किंवा पालकांच्या संमतीवाचून घेऊ नका, हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

परवा तोच प्रश्न घेऊन एक आई आली. मी नेहमीप्रमाणे तक्ता काढला आणि या वेळी वहीतील संत्र्याच्या झाडाची दोन छायाचित्रेही तिला दाखवली. ती हसली आणि म्हणाली, "म्हणजे तुमालेबी वेळच लागला की!"