‘ट ला ट’ कुणाला म्हणायचं?

मराठीत कवितेला नावं ठेवायची तर शब्दांची वाण नाही. यमक जुळवून केलेल्या गमतीच्या ओळी कानावर पडल्या की ‘ट ला ट जोडलंय’ म्हणायचं, आणि त्या कामगार वस्तीतून आल्या असतील तर ‘टुकार’ म्हणून मोकळं व्हायचं, ही सुशिक्षितांची जुनी खोड आहे. विडंबन, वात्रटिका, बडबडगीत, उखाणा, शक्ती-तुऱ्यातला सवाल असे सगळे प्रकार एकाच शेऱ्याखाली गाडले जातात. ‘ट ला ट’ हा शेरा फक्त कामचुकार रचनेसाठी राखून ठेवावा. रचना हलकीफुलकी आहे किंवा अमुक वस्तीतली आहे, एवढ्यावरून तो मारू नये, असं माझं म्हणणं आहे. ते तपासून पाहायला मुंबईतल्या काळाचौकी-लालबाग-परळ या गिरण्यांच्या वस्तीसारखा दुसरा मुलूख नाही.

गिरण्यांत कामाला आलेल्या रत्नागिरीकडच्या चाकरमान्यांनी आपल्याबरोबर जाखडी मुंबईत आणली. मुंबईकर तिला बाल्या नाच म्हणत. तिच्यातल्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात एक पक्ष शक्तीचं थोरपण गातो, दुसरा शिवाचं. गण होतो, गवळण होते, मग सवाल-जवाब रंगतात. शाहीर पुराणातला एखादा पेच पद्यात बांधून समोरच्यावर टाकतो आणि उत्तरही पद्यातच द्यावं लागतं, ढोलकीचा ठेका न सोडता, यमक सांभाळून. एखादी मात्रा ओळीत बसली नाही तर गोलात नाचणाऱ्यांच्या पायांना ती लगेच अडते. छापील कवितेच्या कवीला असा पहारा नसतो. १९२२ साली उभं राहिलेलं आणि २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालेलं परळचं दामोदर नाट्यगृह कोकणातल्या या लोककलांचं हक्काचं ठिकाण होतं. तिथं तिकीट काढून बसणारा प्रेक्षक चांगला जवाब आणि वेळ मारून नेलेला जवाब यांतला फरक जाणत होता. समीक्षकांनी तो फरक शब्दांत मांडण्याचे कष्ट क्वचितच घेतले.

शब्दांचे खेळ कमी प्रतीचे असं काव्यशास्त्रच सांगतं, असा आक्षेप घेता येईल. मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त चित्रकाव्याला सर्वांत खालची पायरी दिली हे खरंच आहे. पण आपण ती पायरी सगळ्यांना सारखी लावली का? वामन पंडितांना यमकांच्या सोसापायी ‘यमक्या वामन’ म्हटलं गेलं, तरी त्यांची जागा पंडित कवींतच राहिली. मोरोपंतांनी ओठांना ओठ लागणारं एकही अक्षर न वापरता निरोष्ठ रामायण रचलं. शब्दांचा याहून मोठा खेळ कोणता? त्याला आपण व्यासंग म्हणतो आणि ते रास्तच आहे. मग गिरणीतली पाळी संपवून, घामेजल्या अंगानं सवाल बांधणाऱ्या शाहिराच्या कसबाला दुसरा काटा का लावायचा?

निरर्थक वाटणाऱ्या पद्याची गोष्ट तर आणखी कठीण. गंभीर कवितेत एखादी ओळ लंगडली तरी भावनेच्या भरात ती निभावते. बडबडगीतात अर्थाचा आधारच सैल केलेला असतो, सगळा भार नाद आणि लय यांवर येतो, त्यामुळे चूक लपवायला जागा उरत नाही. म्हणूनच ज्ञानपीठ मिळवणाऱ्या विंदा करंदीकरांनी ‘राणीची बाग’, ‘अजबखाना’, ‘पिशी मावशी आणि तिची भुतावळ’ अशी पुस्तकं मुलांसाठी पुन्हा पुन्हा लिहिली. बंगालीत सुकुमार रायांचं ‘आबोल ताबोल’ १९२३ मध्ये आलं आणि ते तिथल्या थोर साहित्यातच मोजलं जातं. अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ १९२५ ची. ज्यांचं विडंबन करायचं त्या कवींची शैली पुरती पचवल्याशिवाय ती फुलली नसती.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आजच्या सामन्यांत सिनेमाच्या चाली शिरल्या, टोमणे वैयक्तिक आणि कधी अश्लील झाले, आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या चारोळ्या तर वाचवत नाहीत. हे सगळं मला मान्य आहे. पण याच कारणानं बारकाईनं बोलायला हवं. सगळ्यालाच टुकार म्हटलं की चांगल्या शाहिराला दाद मिळत नाही आणि वाईटाला त्याची चूक कळत नाही. राहिला प्रश्न दुःखाचा. १८ जानेवारी १९८२ च्या गिरणी संपानंतर इथली घरं उद्ध्वस्त झाली, अशा वस्तीत हलक्या पद्याचं काय, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर त्या संपाच्या आधीच मिळालं आहे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं, तेव्हा पोवाड्याच्या जोडीला ‘अकलेची गोष्ट’सारखं हसवणारं लोकनाट्यही कामगारांपुढे नेलं. माणसं हसली म्हणून त्यांचा लढा हलका झाला नाही.

काळाचौकीत चाळींच्या जागी टॉवर येताहेत आणि गावकीच्या खोल्यांतली मंडळी विरार-नालासोपाऱ्याला पांगली आहेत. सामने अजून होतात. नाटकाच्या परीक्षणाशेजारी त्यांचंही परीक्षण वर्तमानपत्रांत यायला हवं: शाहीर कोण, सवाल कोणता, जवाब कुठे तुटला, यमक कुठे ओढूनताणून आणलं, हे नावानिशी सांगणारं. शाहिरांच्या वह्यांमधली पदं त्यांच्या नावावर छापायला विद्यापीठांनी आताच पुढं यावं, कारण त्या वह्या जपणारी पिढी म्हातारी झाली आहे.