विश्लेषण : पाच वर्षांचा विमा, तरी गाडी जळाल्यास हात रिकामे?

इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या राष्ट्रीय मोटारसायकल संग्रहालयाला १६ सप्टेंबर २००३ रोजी आग लागली. नीट न विझवलेल्या सिगारेटच्या थोटकाने पेट घेतला आणि सुमारे ३८० जुन्या गाड्या आगीच्या तोंडी पडल्या. आपल्याकडे गाड्या जिन्याखाली, सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या असतात. शेजारी वीजमीटर, पुठ्ठे, जुन्या गाद्या. एक ठिणगी पुरते.

विमा असतोच ना?

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी. आपली गाडी जळाली तर भरपाई मिळते ती ‘ओन डॅमेज’ भागातून, आणि तो अनेकदा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण राहिले, तर पॉलिसी चालू दिसते; आगीचे संरक्षण मात्र संपलेले असते. घराच्या विम्यातही वाहन सहसा धरले जात नाही.

मग काय व्हावे?

दोष एकट्या मालकाचा नाही. दोन्ही मुदती वेगळ्या आहेत हे गाडी विकतानाच ठळकपणे सांगणे बंधनकारक हवे. ‘गाडी बंदच आहे, विमा कशाला?’ हा हिशेबही फसवा. उभ्या गाडीला अपघात होत नाही. आग मात्र लागू शकते. सोसायट्यांनी मीटरजवळचे भंगार हलवावे. आणि पॉलिसी मोबाइलमध्ये असेल, तर ‘ओन डॅमेज’ची तारीख आजच पाहावी.