जुन्या सायकलीचें कूळ

जुन्या भांड्यास कल्हई करून तें पुन्हां वापरावें, हें आपल्या घरांतून कोणास शिकवावें लागत नाहीं. परंतु जुनी सायकल उजळतांना काय जपावें व काय टाकावें, हा प्रश्न मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, तोहि परमुलखांत, पडला. माझा धाकटा पुतण्या इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें नोकरीस आहे. गेल्या उन्हाळ्यांत मीं त्याच्याकडे तीन महिने काढले. शेजारच्या एका वृद्ध बाईंनीं आपल्या दिवंगत यजमानांच्या शर्यतीच्या सायकलीचा पोलादी सांगाडा त्याच्या स्वाधीन केला व म्हटलें, "ही पुन्हां रस्त्यावर धांवलेली पहावयाची आहे. ‘पांचशें एकतीस’ आहे, असें ते अभिमानानें सांगत."

हा आंकडा म्हणजे काय, तें प्रथम सांगितलें पाहिजे. बर्मिंगहॅमचें रेनॉल्ड्स हें मूळचें खिळे करणारें घराणें. पातळ नळ्या सांध्यापाशीं टिकत नाहींत, हें पाहून त्यांनीं १८९७ सालीं एका नव्या नळीचें पेटंट घेतलें. तिची भिंत टोंकांशीं जाड व मध्यें पातळ असे. सांधा झाळतांना उष्णता आणि पुढें चालतांना ताण, दोन्हीं टोंकांसच अधिक बसतात. तेव्हां धातु तेथें राखावयाचा आणि मधला भार वांचवावयाचा. १९३५ सालीं याच घराण्यानें मँगॅनीज व मॉलिब्डेनम यांच्या मिश्रणाच्या पोलादाची ‘५३१’ नळी काढली, आणि पुढें कित्येक दशकें ती उत्तम सायकलीची खूण होऊन राहिली.

आमच्या सांगाड्यावर ५३१ ची छापील चिठ्ठी होती. परंतु चिठ्ठी हें शब्दप्रमाण. आणि शब्दास प्रामाण्य येतें तें बोलणारा आप्त असेल तरच. खऱ्या चिठ्ठ्यांतहि भेद असतो: एखादी केवळ तीन मुख्य नळ्यांपुरती ग्वाही देते, तर एखादी चिमट्यासह सर्व नळ्यांची. म्हणून आम्ही प्रत्यक्षाकडे वळलों. पुतण्यानें आधीं देश ठरविला. पॅडलचा आंस ज्या आडव्या नळकांड्यांत बसतो, त्याची रुंदी ६८ मिलिमीटर भरली व उजव्या बाजूचे आटे उलटे निघाले. ही इंग्रजी रीत. इटालियन सांगाड्यांत रुंदी ७० आणि दोन्हीं बाजूंचे आटे सुलटे असतात. मग सीटखालची उभी नळी मोजली. बाहेरचा व्यास २८.६. (फ्रेंच नळी बहुधा २८ ची, म्हणूनच देश आधीं ठरवावयाचा.) तींत बसलेला सीटचा दांडा मात्र २५.४ चा, आणि मध्यें पत्र्याची पट्टीहि घातलेली नव्हती. वजाबाकी ३.२, तिचें अर्ध १.६. पातळ मध्याच्या ५३१ नळींत सामान्यतः २७.२ चा दांडा बसतो, म्हणजे तिची भिंत सुमारें ०.७ ची. मराठी शाळेचें गणित पुरे झालें. नळी साधी व जाड होती. चिठ्ठी मागाहून चिकटविलेली.

आतां पेंच पडला. पुतण्या म्हणाला, "काका, सगळा रंग खरवडून नवा देऊं आणि वर नवी चिठ्ठी लावूं. विकत मिळते. बाईंना तेवढाच आनंद!" मीं त्यास भांडारकर संस्थेच्या महाभारताची आठवण दिली. १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललेल्या त्या कार्यांत पंडितांनीं प्रक्षिप्त श्लोक संहितेंतून काढले, पण फेंकून दिले नाहींत. तळटीपांत व परिशिष्टांत जपले. प्रक्षेप हाहि इतिहासच. फक्त त्यास मूळ म्हणूं नये.

त्याच धोरणानें काम झालें. हँडलच्या उभ्या नळीमागें, खालच्या अंगानें, बोट फिरवून सुरकुती किंवा फुगवटा नाहीं ना, हें पाहिलें. समोरून धडक बसलेली असल्यास खूण तेथें सांपडते. मागच्या चाकाच्या एका खांचेपासून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खांचेपर्यंत दोरा ताणला. सीटखालच्या नळीपासून त्याचें अंतर दोहों बाजूंस सारखें भरलें. अर्थात् सांगाडा सरळ. गंज ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्यानें उतरविला. तें विषारी असतें, म्हणून हातमोजे घातले व मुलांस दूर ठेवलें. मग सांगाडा धुवून लगेच वाळविला व नळ्यांच्या आंत मेण फवारलें. शाबूत रंग तसाच ठेवून उघड्या पोलादापुरताच नवा दिला. चिठ्ठीहि राहूं दिली.

पुतण्यानें बाईंना सर्व मापें खरीं खरीं सांगितलीं. माझ्या मनांत धाकधूक होती. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग नळीवर हात ठेवून म्हणाल्या, "म्हणजे एवढें ओझें घेऊन ते ते चढ चढत होते तर!"

वाचकांपैकीं कोणाच्या माळ्यावर अशी सायकल असेल, तर रंगाचा डबा उघडण्यापूर्वीं मोजमाप घ्यावें, आणि तें कागदावर लिहून सायकलीबरोबर ठेवावें. आमच्या पुतण्यानें तसा कागद सीटच्या पिशवींत ठेविला आहे. खालीं बाईंची सही आहे.